आंबट दह्यात कोण जगतं?

१९८९ च्या जून महिन्यात इंग्लंडच्या वायव्य भागात आणि वेल्समध्ये काही रुग्ण चमत्कारिक तक्रारी घेऊन इस्पितळात येऊ लागले. एकाच वस्तूच्या दोन दिसतात, जीभ जड झाली आहे, घास गिळवत नाही, पापण्या उचलत नाहीत. ताप नव्हता आणि शुद्धही पूर्ण होती. या आजारात लुळेपणा चेहऱ्याकडून खाली उतरत जातो आणि श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचला की रुग्णाला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावं लागतं. आजार होता बोट्युलिझम. तो ब्रिटनमध्ये इतका दुर्मीळ की बहुतेक डॉक्टरांनी त्याचं वर्णन फक्त पुस्तकात वाचलेलं. बघता बघता रुग्णांची संख्या २७ वर गेली, त्यांतला एक दगावला. अन्नातून झालेल्या बोट्युलिझमचा ब्रिटनमध्ये नोंदला गेलेला हा सर्वांत मोठा उद्रेक.

रुग्ण वेगवेगळ्या गावांतले, वेगवेगळ्या वयाचे होते. त्यांनी काय काय खाल्लं याची विचारपूस झाली तेव्हा सगळ्यांच्या यादीत एक पदार्थ सापडला: हेझलनट घातलेलं योगर्ट. सरकारने लोकांना सांगितलं की कुठल्याही कंपनीचं हेझलनट योगर्ट तूर्त खाऊ नका. संबंधित उत्पादकाचं काम थांबवलं गेलं, दुकानांतला माल परत घेतला गेला.

अन्नशास्त्र शिकलेल्या कुणालाही हे कोडं वाटलं असणार. ज्या जिवाणूच्या विषाने हा आजार होतो त्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमला आंबट पदार्थ अजिबात मानवत नाही, आणि दही तर आंबटच. मग तो तिथे वाढला कसा? उत्तर असं निघालं की तो दह्यात वाढलाच नव्हता. पण त्या उत्तराकडे जाण्याआधी दही स्वतःचं रक्षण कसं करतं ते पाहायला हवं, कारण विकतच्या दह्याच्या स्वच्छतेचा सगळा विचार तिथूनच सुरू होतो.

ताज्या दुधाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ६.६ ते ६.७ असतो. हा आकडा जितका खाली, तितका पदार्थ आंबट. विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. सामू घसरत घसरत ४.६ च्या आसपास आला की दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांवरचा विद्युतभार नाहीसा होतो. एरवी एकमेकांना दूर ढकलणारे हे कण आता एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. दही लागलं असं आपण म्हणतो ते हेच. योगायोग असा की क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमची वाढ थांबण्याची सीमाही ४.६ हीच आहे. म्हणजे दही घट्ट लागलेलं डोळ्यांना दिसतं, त्याच सुमाराला या सर्वांत घातक विषाच्या कारखान्याला टाळं लागलेलं असतं.

आम्लाच्या जोडीला संख्याबळही असतं. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या कोडेक्सच्या नियमांप्रमाणे योगर्टमध्ये विरजणाचे जिवंत जिवाणू दर ग्रॅममागे किमान एक कोटी असायला हवेत. हे जिवाणू कोणते तेही ठरलेलं आहे: स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दुसऱ्याचा शोध १९०५ मध्ये जिनिव्हात शिकणाऱ्या स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने त्याच्या मायदेशातल्या दह्यातून लावला. आपल्या घरगुती दह्यात बहुधा वेगळी मंडळी असतात, मुख्यतः लॅक्टोकॉकस कुळातली, कारण आपण दही ४२-४५ अंशांवर न लावता ओट्यावरच्या हवेत रात्रभर ठेवतो. जात कुठलीही असो, एक कोटींच्या गर्दीत ऐनवेळी घुसलेल्या चार-दोन परक्या जिवाणूंना खायला फारसं उरत नाही आणि आम्लात तग धरणंही कठीण जातं.

दही म्हणजे निर्धोक अन्न, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास इथूनच आला आहे, आणि तो बराचसा खरा आहे. पण हे रक्षण दुधातून आलेल्या आणि दही लागताना हजर असलेल्या जिवाणूंपुरतंच आहे. दही लागून झाल्यावर त्यात जे काही पडतं, मिसळतं किंवा वरून येऊन बसतं, त्याचा हिशोब वेगळा मांडावा लागतो.

आता हेझलनटकडे. योगर्टच्या कारखान्यात हे फळ थेट येत नव्हतं. दुसरीकडे तयार झालेला त्याचा लगदा डबाबंद होऊन यायचा आणि तयार योगर्टमध्ये मिसळला जायचा. अशा लगद्यात एरवी भरपूर साखर असते. साखर फक्त गोडीसाठी नसते. ती पाणी धरून ठेवते आणि जिवाणूंना ते पाणी वापरता येत नाही; आपले मुरांबे वर्षभर टिकतात ते याच कारणाने. पण कमी उष्मांकाचं योगर्ट हवं म्हणून या लगद्यात साखरेऐवजी अस्पार्टेम घातलं गेलं. अस्पार्टेम साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड, त्यामुळे चिमूटभर पुरतं. गोडी तेवढीच राहिली, पाणी मात्र मोकळं झालं. लगदा आंबटही नव्हता. आणि डबे भरल्यावर दिलेली उष्णता क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू मारायला अपुरी होती. हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगतात; त्यांच्यासाठी दाबाखाली १२१ अंश तापमान काही मिनिटं द्यावं लागतं. बंद डब्यात हवा नसते, आणि या जिवाणूला नेमकं तेच हवं असतं. बीजाणू उगवले, डब्यातच वाढले, विष तयार झालं. मग तो लगदा दह्यात मिसळला गेला. आंबटपणाने जिवाणूची वाढ रोखली असेल, पण तयार होऊन आलेल्या विषाला आंबटपणाने काही होत नाही.

पुढे तपासात लगद्याच्या एका फुगलेल्या डब्यात बी प्रकारचं विष सापडलं. योगर्टच्या न उघडलेल्या डब्यांतही ते सापडलं. माझ्या मते दह्याच्या स्वच्छतेवर लिहिलेल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाची सुरुवात या प्रकरणाने व्हावी. योगर्ट बनवणाऱ्याने दूध नीट तापवलं असेल, विरजण उत्तम वापरलं असेल, भांडी लख्ख असतील, तरी साखरेच्या एका बदलाचा परिणाम कुणी तपासला नाही म्हणून माणूस मेला. पाककृतीत साखर कमी करणं हा चवीचा निर्णय वाटतो. प्रत्यक्षात तो सुरक्षिततेचा निर्णय असतो.

असं प्रकरण क्वचितच घडतं. रोजच्या धंद्यात दह्याला खरा त्रास देतात ते यीस्ट आणि बुरशी. आम्ल त्यांना चालतं, काहींना तर आवडतं. फ्रिजमधल्या थंडीतही ते हळूहळू वाढतात. क्लुवेरोमायसिससारखं यीस्ट थेट लॅक्टोज खातं. साध्या सॅकरोमायसिसला लॅक्टोज पचत नाही, पण फळांचं किंवा साखर घातलेलं योगर्ट असेल तर त्याचीही सोय होते. यीस्ट वाढलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि डब्यावरचं चकचकीत झाकण घुमटासारखं वर येतं. चव ताडीकडे झुकते. बुरशीला मात्र हवा लागते, म्हणून ती पृष्ठभागावर आणि झाकणाच्या आतल्या बाजूला दिसते.

हे दोघे दुधातून येत नाहीत हे लक्षात घ्यायला हवं. योगर्टसाठी दूध नुसतं पाश्चरीकृत करत नाहीत. पाश्चरीकरणाला ७२ अंशांवर १५ सेकंद पुरतात. योगर्टचं दूध ८५ अंशांवर अर्धा तास किंवा ९०-९५ अंशांवर सुमारे ५ मिनिटं तापवतात. त्याने दह्याच्या निवळीतली प्रथिनं उलगडून केसीनला चिकटतात आणि दही घट्ट लागतं, शिवाय यीस्ट, बुरशी आणि बहुतेक सगळे रोगजंतू मरतात. तेव्हा डब्यात यीस्ट सापडलं तर ते तापवल्यानंतरच आलं आहे. कुठून आलं असेल? भरणी यंत्राच्या तोटीच्या आतल्या रबरी कड्यातून, नळीच्या वळणात साचलेल्या दुधाच्या थरातून, फळांच्या गरातून, डब्यांच्या चळतीवर बसलेल्या धुळीतून, नाहीतर खोलीच्या हवेतून. म्हणून चांगल्या कारखान्यात नळ्या न उघडता आतून कॉस्टिक सोडा आणि मग आम्ल फिरवून धुतात, भरणीच्या जागी गाळलेली हवा सोडतात, रिकाम्या डब्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा अतिनील किरण मारतात. सगळा पैसा आणि लक्ष त्या एका हातभर जागेवर, जिथे दही उघड्या तोंडाच्या डब्यात पडतं.

तरीही चूक होते. सप्टेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या चोबानी या नावाजलेल्या कंपनीला आयडाहो राज्यातल्या ट्विन फॉल्स इथल्या कारखान्याचं ग्रीक योगर्ट बाजारातून परत घ्यावं लागलं. डबे फुगत होते, पातळ होत होते. मळमळ आणि पोट बिघडल्याच्या दोनशेहून अधिक तक्रारी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे गेल्या. दोषी ठरली म्युकर सर्सिनेलॉइड्स ही बुरशी. माती, पालापाचोळा, फळं यांवर ती सर्रास असते. निरोगी माणसाला ती अपायकारक नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी मात्र एका ग्राहकाच्या डब्यातली बुरशी वेगळी केली, तिचा संपूर्ण जनुकसंच वाचला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. ती त्या जातीतल्या अधिक आक्रमक उपप्रकारातली निघाली आणि उंदरांच्या पचनमार्गातून जिवंत बाहेर पडली. लोकांचे आजार तिच्यामुळेच होते हे त्यातून सिद्ध झालं नाही, कंपनीनेही ते मान्य केलं नाही. पण दह्यातली बुरशी म्हणजे नुसता चवीचा बिघाड, ही सोपी समजूत मात्र डळमळली. २०२१ च्या कोविड लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे भयंकर रुग्ण पाहिले. त्यांतल्या बहुतेक बुरशा वेगळ्या वंशाच्या होत्या, पण गण तोच. ज्याची प्रतिकारशक्ती खचलेली आहे त्याच्या ताटात बुरशी आलेलं दही वाढू नये, एवढं तरी यातून नक्की कळतं. वरचा डाग चमच्याने काढून टाकणं पुरत नाही, कारण मऊ पदार्थात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून बरेच खोल गेलेले असतात.

प्रयोगशाळेत दही तपासतात तेव्हा पहिला शोध कोलिफॉर्म जिवाणूंचा घेतात. ते सापडले की कुठेतरी विष्ठेचा, घाण पाण्याचा किंवा न धुतलेल्या हातांचा संपर्क आला, असं मानायला जागा असते. दुधासाठी ही कसोटी उत्तम. दह्यात ती फसवते. कोलिफॉर्म आम्लात काही दिवसांत मरून जातात, त्यामुळे घाणेरड्या हातांनी लावलेलं दही चार-पाच दिवसांनी तपासलं तर अहवाल स्वच्छ येऊ शकतो. म्हणून दह्याच्या धंद्यातले जाणकार यीस्ट-बुरशीच्या आकड्याकडे आधी बघतात. नमुना पातळ करून क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक घातलेल्या माध्यमावर पसरतात. प्रतिजैविकामुळे विरजणाचे कोट्यवधी जिवाणू गप्प राहतात आणि बशीवर फक्त यीस्टचे मलईच्या रंगाचे गोल ठिपके आणि बुरशीची लव उगवते. त्याला २५ अंशांवर पाच दिवस लागतात. तोवर ते दही विकलं गेलेलं, खाल्लंही गेलेलं असतं. तपासणीने दही स्वच्छ होत नाही, हे या पाच दिवसांत नेमकं दिसतं; कारखाना कसा चालतो आहे एवढंच ती नंतर सांगते.

दह्याला सर्वांत धोक्याचा काळ कोणता? विरजण घातल्यापासून आम्ल पुरेसं होईपर्यंतचा. कोमट दूध, सामू अजून वरच, आणि खाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला दार उघडं. विरजण जोमदार असेल तर हा काळ चार-पाच तासांत संपतो. विरजण मंद असेल तर तो लांबतो, आणि मग माणसाच्या नाकात, हातावरच्या जखमेत असणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस त्यात वाढून विष सोडू शकतो. ते विष नंतर उकळूनही जात नाही.

विरजण मंद का पडतं? गाईला कासदाह झाला म्हणून प्रतिजैविक टोचलं आणि औषधाचा अंश उतरेपर्यंत थांबायचं सोडून दूध डेअरीला घातलं, तर ते औषध विरजणाच्या जिवाणूंनाही मारतं. दुसरं कारण म्हणजे जिवाणूंनाच गाठणारे विषाणू, बॅक्टेरियोफेज. चीजच्या विरजणात ते असतात हे न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी १९३५ मध्ये दाखवलं. दुग्धव्यवसायाने या विषाणूंशी जी झुंज दिली तिचं एक फळ थक्क करणारं आहे. विषाणूच्या तडाख्यातून वाचलेला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस त्या विषाणूच्या जनुकाचा तुकडा स्वतःच्या जनुकसंचात जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी शत्रूला ओळखतो, हे डॅनिस्को या विरजण बनवणाऱ्या कंपनीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये सिद्ध केलं. हीच ती क्रिस्पर यंत्रणा. तिच्यावरून जनुकांची कात्री घडवणाऱ्या शार्पेंटिये आणि डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या वाटीतल्या जिवाणूंकडे आदराने बघायला हे एक कारण पुरेसं आहे.

जोमदार विरजणही सगळ्यांना आवरतंच असं नाही. १९९१ मध्ये पुन्हा वायव्य इंग्लंडमध्येच स्थानिक योगर्टमधून ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूची लागण झाली, आणि आजारी पडलेल्यांत लहान मुलं जास्त होती. हा प्रकार आम्लात इतर ई. कोलायपेक्षा चिवट असतो आणि अगदी थोडे जिवाणू पोटात गेले तरी पुरतात. मुलांच्या मूत्रपिंडांवर तो घाव घालतो. कच्च्या दुधाचा एक थेंबही तापवलेल्या दुधात पडू नये, हा डेअरीतला नियम त्याच्यासाठी आहे.

आपल्याकडे अजूनही पुष्कळ दही सुटं विकलं जातं. गल्लीतल्या डेअरीच्या फळीवर सकाळी परातभर दही असतं, वर सायीचा अखंड थर. पहिलं गिऱ्हाईक येतं, डाव खुपसला जातो, पाव किलो पिशवीत पडतं. दुपारपर्यंत परातीत खड्डा झालेला असतो आणि त्यात हिरवट पाणी साचलेलं असतं. डाव तिथेच बुडालेला, दांड्यासकट. ज्या हाताने नोटा मोजल्या त्याच हाताने दांडा धरलेला. या दह्याला गाळलेली हवा नाही, पेरॉक्साइड नाही, पण ते ताजं असतं, त्याच दिवशी संपतं, आणि हीच त्याची खरी ढाल आहे. ती ढाल गळते ती उरलेलं दही रात्री झाकण न लावता ठेवलं, वीज वाचवायला फ्रिज बंद केला आणि सकाळी तेच नव्या परातीच्या विरजणाला वापरलं की. कालचं दही आजचं विरजण, ही आपली पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण कालच्या दह्यात शिरलेलं यीस्टही त्यासोबत पुढे जातं आणि दर खेपेला थोडं वाढतं. दही घट्ट लागत नाही, बारीक बुडबुडे दिसतात, वास बदलतो. अशा वेळी ते विरजण टाकून नवं आणावं. घरीही हेच करावं.

चक्क्याची काळजी त्याहून जास्त घ्यावी लागते. पाडव्याच्या आणि दसऱ्याच्या आधी दुकानांत चक्क्याची गाठोडी टांगलेली असतात. दह्यातलं पाणी निथळायला काही तास लागतात, खोली गार नसते, आणि ज्या फडक्यात दही बांधलं ते नुसतं धुतलेलं आहे की उकळलेलं, यावर पुष्कळ काही ठरतं. धाग्यांत अडकलेलं यीस्ट साबणाने निघत नाही. पुढे श्रीखंडात भरपूर साखर पडते आणि ती बहुतेक जिवाणूंना रोखते. साखरेत जगणाऱ्या यीस्टला मात्र ती रोखत नाही, आणि पारंपरिक पद्धतीत श्रीखंड पुन्हा तापवलं जात नाही. श्रीखंड फसफसतं ते यामुळे.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत दह्यासाठी कोलिफॉर्म, यीस्ट-बुरशी आणि रोगजंतू यांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. पाकीटबंद दह्यावर चौदा अंकी परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. ती बघावी, आणि झाकण फुगलेलं असेल तर चवही न घेता डबा परत करावा. सुट्या मिठाईच्या ताटासमोर ती कधीपर्यंत खावी याची पाटी लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झालं. परातीतल्या दह्यासमोरही दही कधी लावलं त्याची पाटी दुकानदाराने लावायला काहीच हरकत नाही. दही घ्यायला जाल तेव्हा तेवढं मागा: आजची तारीख, परातीवर झाकण, आणि डावासाठी वेगळं भांडं. आणि लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस घरात असेल, तर सुटं दही न आणता घरीच दूध उकळून लावा.